एलएम रेलची बैठक: खोकं फोडण्याआधीचं काम

एलएम (लिनियर मोशन) रेल म्हणजे मशीनचं टेबल जिच्यावर सरळ सरकतं ती पोलादी पट्टी; तिच्यावर पोटात गोळ्या असलेला ब्लॉक धावतो आणि टेबल त्या ब्लॉकवर बसतं. तिचं खोकं दुकानात आलं की सगळ्यांना ते फोडायची घाई होते. तेलकट कागदातून चकचकीत पट्टी बाहेर काढायची, ब्लॉक बोटानं इकडून तिकडे सरकवायचा, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "लोणी आहे लोणी!" खोकं फोडू नका. कपाटात टाका आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. अजून चार दिवसांचं काम बाकी आहे: रेल जिच्यावर बसते ती बैठक सपाट करायची. त्या चार दिवसांत रेल पोरांच्या हाती लागली तर कोणीतरी ती बेडवर, म्हणजे मशीनच्या पायावर, उभी धरून फट बघणार, म्हणजे तिचाच स्ट्रेटएज (सपाटी तपासायची सरळ पट्टी) करणार.

रेल सरळ असते हा समज आधी डोक्यातून काढा. २५ साइझची रेल म्हणजे २३ मिलिमीटर रुंद, २२ मिलिमीटर उंच पोलादी दांडी. १२४० लांबीची रेल दोन टोकांना ठोकळ्यांवर ठेवून मध्ये अंगठ्यानं दाबलीत तर अर्धा मिलिमीटर सहज वाकेल. आणि आपण तर तिला ६०-६० मिलिमीटरवर एक असे २१ बोल्ट मारणार. एम-६ चा एक बोल्ट बिडात (ओतीव लोखंडात) नऊ न्यूटन-मीटरवर आवळला की साधारण साडेसातशे किलोनं खाली ओढतो. एवढ्या ओढीपुढे रेलचं काय चालणार? खालची बैठक जशी असेल तशीच ती बसणार. बैठकीत खळगा असेल तर रेलमध्येही खळगा येतो, आणि ब्लॉक तो इमानदारीनं टेबलापर्यंत पोचवतो. कारखान्यानं रेल कितीही मायक्रॉनात (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) घासून दिली असली तरी तुमच्या मशीनची अचूकता तुमच्या बैठकीवर ठरते, त्या खोक्यावर नाही.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत जुनी मशीनं उघडून पुन्हा उभी करतो. घर दांडिया बाजारात. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाच्या बाजूनं आयुष्यभर ये-जा केली, पण आत बसून शिकायचा योग आला नाही. स्क्रेपर, म्हणजे धातू किंचित खरवडायचं हत्यार, हातात दिला तो उस्तादांनी. त्यांची एकच अट होती: कामाच्या वेळी 'चालशे' (गुजरातीत 'चालेल') हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बडोद्यात राहून ही अट पाळणं किती कठीण आहे ते इथल्यांनाच कळेल. इथे भाजीच्या पिशवीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळं 'चालशे'वर चालतं.

पुढे जे सांगतोय ते एका बेडवर केलेलं काम आहे. गिऱ्हाईक शेठचं जुनं मशीन, बिडाचा बेड, १४०० मिलिमीटर लांब, २८० उंच. वरचे सपाट मार्ग झिजून गेलेले. ते काढून तिथे ४२० मिलिमीटर अंतरावर २५ साइझच्या दोन रेल टाकायच्या होत्या.

बेड जुना असेल तर तुम्ही नशीबवान. तीस वर्षं उन्हापावसात आणि कामात राहिलेलं बीड आतून शांत झालेलं असतं. नवं कास्टिंग किंवा वेल्डिंगची फ्रेम असेल तर आधी रफ मशीनिंग, मग भट्टीत स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतला ताण काढणं), आणि मगच फिनिश. बिडाला ५०० ते ६०० अंश, वेल्डेड पोलादाला ६०० च्या आसपास, आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचं. हा खर्च शेठला जड वाटतो. पण ही पायरी गाळलीत तर आज सपाट केलेली बैठक दोन महिन्यांनी स्वतःचा आकार बदलते, आणि तेव्हा शिव्या फिटरला बसतात.

बेड कामाला घेताना तीन टेकूंवर ठेवा, चारवर नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई कधीच डुगडुगत नाही. एका बाजूला दोन टेकू, दुसऱ्या बाजूला मधोमध एक. टोकापासून लांबीच्या २२ टक्के आत, म्हणजे आमच्या बेडला ३०० मिलिमीटर आत. चौथा टेकू लावलात की बेड थोडा पिळतो, आणि तो पीळ तुम्ही मेहनतीनं घासून सपाट करता. मशीन जागेवर गेल्यावर पीळ सुटतो आणि मेहनत उलटी दिसायला लागते.

प्लॅनोमिलरवर (लांब कामाच्या मोठ्या मिलिंग मशीनवर) काम बाहेर देणार असाल तर ऑपरेटरला तीनच गोष्टी सांगा, पण समोर उभं राहून सांगा. क्लॅम्प टेकूच्या बरोब्बर वरच मारायचे. शेवटच्या हातापूर्वी सगळे क्लॅम्प सैल करून पुन्हा हलके आवळायचे. आणि दोन्ही बैठका व दोन्ही खांदे एकाच सेटिंगमध्ये काढायचे, बेड उलटा फिरवायचा नाही. खांदा म्हणजे रेलची कड ज्याला टेकते ती उभी पायरी. २५ साइझला ती पाच मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर ब्लॉक तिला घासेल. खांदा आणि बैठक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बारीक खाच काढून घ्या. खाच नसेल तर कटरच्या टोकाची गोलाई तिथे राहते. रेलची खालची कड तिच्यावर चढून बसते आणि रेल एका अंगावर कलते. डोळ्याला काही दिसत नाही. ब्लॉक मात्र जड चालतो.

भोकं आणि आटे फिनिश हाताच्या आधी पाडा. हे मी ओरडून सांगतो तरी कोणी ऐकत नाही. आटे पाडताना भोकाच्या तोंडाभोवती धातू वर उचलला जातो, अंगठीसारखा. आधी फिनिश करून मग आटे पाडलेत तर तुमच्या सपाट बैठकीवर २१ अंगठ्या उभ्या राहतात, आणि रेल नेमकी त्यांच्यावर बसते. प्रत्येक तोंडाला काउंटरसिंक (उतरती कड) मारा, आट्याच्या व्यासापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठा. म्हणजे पुढे बोल्ट आवळल्यावर जो धातू वर ओढला जाईल, त्याला जागा राहील. आट्यांची खोलीही मोजा. एकदा माझ्याकडून तीन भोकं उथळ राहिली. बोल्ट तळाला टेकला, टॉर्क रेंचनं टिक केलं, आम्ही खूश. रेल त्या तीन जागी मोकळीच होती. तेव्हापासून प्रत्येक भोकात आधी नुसता बोल्ट हातानं फिरवून बघतो, रेल लावल्यावर जेवढा आत जायला हवा त्यापेक्षा दोन आटे जास्त जातो का ते.

आता दगड. साधा ऑइलस्टोन आणून घासू नका, तो स्वतःच पोटात वाकलेला असतो. दोन बारीक दगड डायमंड व्हीलवर सपाट करून घ्या आणि एकमेकांवर घासून ठेवा. असा दगड सपाट पृष्ठावर सरकतो, कापत नाही. फक्त वर आलेला बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, कापतो. कानानं कळतं: बर असेल तिथे खर्र आवाज येतो, दोन-तीन फेऱ्यांत आवाज जातो आणि दगड साबणासारखा घसरायला लागतो. आमच्या पोराला मी डोळे मिटून दगड फिरवायला लावतो. पहिल्या दिवशी हसला. तिसऱ्या दिवशी त्यानंच मला एक बर दाखवला, जो माझ्या चष्म्यातून सुटला होता.

इथपर्यंत हातकाम. पुढे मोजमाप आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मोजायला ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल (बुडबुड्याची पाणसळ) लागते. हिचा बबल एक घर सरकला म्हणजे एक मीटरला २० मायक्रॉनचा उतार. ही लेव्हल दोन पायांच्या पट्टीवर ठेवायची, पायांमधलं अंतर बरोबर २०० मिलिमीटर. मग एक घर म्हणजे २०० मिलिमीटरला चार मायक्रॉन. पट्टी बैठकीवर एका टोकापासून ठेवत जा, पुढचा पाय जिथे टेकला तिथे पुढच्या वेळी मागचा. १२०० मिलिमीटरला सहा वेळा. लेव्हलचं तोंड फिरवायचं नाही, हात लावून झाला की अर्धा मिनिट थांबायचं, श्वास बबलवर सोडायचा नाही.

आमच्या बेडवर पहिल्या दिवशी सहा आकडे असे आले: शून्य, अधिक एक, अधिक एक, शून्य, वजा एक, वजा एक. चारनं गुणून बेरीज करत चला. ० मिलिमीटरवर ० मायक्रॉन, २०० वर ०, ४०० वर ४, ६०० वर ८, ८०० वर ८, १००० वर ४, १२०० वर पुन्हा ०. म्हणजे मध्यभागी आठ मायक्रॉनचा उंचवटा. कागदावर आलेख काढा, पोरांना लगेच समजतं. दोन टोकं शून्यावर आली नाहीत तर घाबरू नका, बेड एका बाजूला कललेला आहे एवढाच त्याचा अर्थ. टोकाटोकाला रेघ जोडा आणि त्या रेघेपासून मोजा.

आता गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच एका बेडवर मी दुपारी दोन वाजता मोजलं. मध्यभागी तीस मायक्रॉन उंचवटा. दोन दिवस घाम गाळून स्क्रेपरनं तो काढला. तिसऱ्या दिवशी लवकर आलो, चहा पिता पिता सहज लेव्हल फिरवली, तर त्याच जागी खळगा! पोटात गोळा आला. स्क्रेपर घेऊन पुन्हा बसणार तेवढ्यात साडेदहा-अकराला वर बघितलं. छपरात उजेडासाठी घातलेला पांढरा पारदर्शक पत्रा, त्यातून उन्हाचा पट्टा थेट बेडवर. वरचा भाग हाताला कोमट, खालचा गार.

हिशेब सोपा आहे. बीड एका अंशाला एका मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. पण फक्त वरचा भाग वाढला आणि खालचा नाही, तर बेड पापडासारखा वर फुगतो. १४०० लांब, २८० उंच बेडला वर आणि खाली एकाच अंशाचा फरक असला तरी मध्यभागी जवळजवळ दहा मायक्रॉनचा फुगवटा येतो. तीन अंशांना तीस. म्हणजे दोन दिवस मी बीड नव्हे, ऊन घासत होतो.

तेव्हापासून नियम: मोजमाप फक्त सकाळी, शटर अर्धं खाली, वरचा कूलर बंद, बेडवर रात्रभर जाडी चादर. बडोद्यात मे महिन्यात ४२ अंश होतात, त्याचा त्रास नाही. सगळा बेड एकसारखा ४२ ला असेल तर सरळच राहतो. त्रास एका अंगाला तापण्याचा आहे. मोजायची उपकरणंही रात्रीपासून बेडवरच ठेवा. स्ट्रेटएजला लाकडी मूठ हवी, हातानं धरलेलं लोखंड पाच मिनिटांत खोटं बोलायला लागतं.

स्क्रेपिंगला स्ट्रेटएजला निळा लावतात, प्रशियन ब्लू, तेलात, इतका पातळ की खालचं बीड दिसत राहील. उस्तादांच्या वेळी मारुतीचा शेंदूर तेलात कालवून बैठकीला लावायचे, वर निळा, म्हणजे ठिपके ठसठशीत दिसतात. शेंदरात शिसं असतं आणि फिटर त्याच हातानं भाकरी खातो, म्हणून मी तो बंद केला.

निळा उमटवण्याआधी एक चाचणी करा, फुकट आहे. स्ट्रेटएज बैठकीवर ठेवा आणि एक टोक बोटानं बाजूला ढकला. मधोमध खिळ्यावर फिरल्यासारखा फिरला तर मध्ये उंच आहे. अगदी दुसऱ्या टोकावर फिरला तर मध्ये खळगा आहे. लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर, मग ते टोक धरून ढकला की हे, फिरला तर बैठक सपाटीच्या जवळ आली. निळा खोटं बोलू शकतो, जास्त लावला की सगळीकडे उमटतो. फिरणारा स्ट्रेटएज खोटं बोलत नाही.

मग निळ्या ठिपक्यांवर स्क्रेपर चालवायचा, एका फेरीला एका दिशेनं, पुढच्या फेरीला आडवा. कार्बाइडच्या पात्यानं एका हाताला दोन-चार मायक्रॉन जातात. प्रत्येक फेरीनंतर दगड, फडकं, मग पुन्हा निळा. एलएमच्या बैठकीला पंचवीस बाय पंचवीसच्या चौकोनात दहा-बारा ठिपके पुरे. घसरत्या मार्गाला तेल धरायला खळगे लागतात, तिथे वेगळा हिशेब. इथे काहीच घसरत नाही, रेल नुसती बसते. चंद्रकोरीची नक्षी काढत बसू नका, रेलखाली ती कोणी बघणार नाही.

किती मायक्रॉनवर थांबायचं? इथे लोक कॅटलॉग उघडतात आणि फसतात. त्यात २५ साइझला हलक्या प्रीलोडवर (ब्लॉकमध्ये गोळ्या आधीच दाबून बसवलेल्या असतात, तो दाब) दोन रेलच्या समांतरपणात वीसेक मायक्रॉनची, आणि ५०० मिलिमीटर अंतराला उंचीत ८० च्या वर मायक्रॉनची सूट दिलेली दिसते. शेठ बोट ठेवून म्हणाले, "बघा, एवढं चालतं." चालतं, पण कोणाला? ब्लॉकला. तेवढ्या चुकीत गोळ्या अकाली फुटणार नाहीत, एवढंच ते कोष्टक सांगतं. टेबल किती सरळ चालेल ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून ठरवा. लाकूडकामाच्या राउटरला ३०-४० मायक्रॉन कोणाला कळतही नाहीत. आमच्या शेठला बोअरिंग करायचं होतं, म्हणून पूर्ण लांबीत पाच मायक्रॉन धरले आणि सहावर थांबलो.

दुसरी बैठक पहिलीच्या हिशेबात आणायची, स्वतंत्रपणे सपाट करून भागत नाही. दोन्हींवर आडवी घासलेली पट्टी टाका, वर लेव्हल, आणि दोन्ही टोकांचं वाचन ताडून बघा. ४२० मिलिमीटरला एक घर म्हणजे आठ मायक्रॉनहून थोडं जास्त. दोन्ही टोकांना बबल सारखाच कललेला असेल तर चालेल, बेड नुसता एका अंगावर आहे. एकीकडे डावीकडे आणि दुसरीकडे उजवीकडे असेल तर पीळ आहे, आणि ब्लॉकचा सगळ्यात मोठा वैरी हाच. खांद्यांसाठी एक एल आकाराचा तुकडा पहिल्या खांद्याला टेकवून सरकवा, त्यावर बांधलेला लिव्हर डायल (मायक्रॉन दाखवणारा काटा) दुसऱ्या खांद्याला लावा.

दुसऱ्या बाजूला खांदा मुळातच नसेल, आणि पुष्कळदा नसतो, तर आधी मास्टर रेल पक्की करा, मग तिच्या ब्लॉकवर डायल बांधून दुसरी रेल एकेक बोल्टला सरळ करत न्या. ॲल्युमिनियम प्रोफाइलवर मशीन बांधणाऱ्यांना स्क्रेपिंग सांगून उपयोग नाही. तिथे शिम (खाली सारायची पातळ पत्र्याची पट्टी) किंवा स्ट्रेटएजखाली ओतलेलं इपॉक्सी हाच मार्ग, आणि तेही नीट केलं तर वाईट नाही.

आता खोकं फोडा. बैठक ॲसिटोननं पुसा, मग तळहातानं. फडक्याला न सापडलेला कण तळहाताला सापडतो. पातळ तेलाचा हात फिरवा. रेलवर खुणेची कड असते, ती खांद्याकडे. रेल खांद्याला दाबून धरा, बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत आवळा. एम-६ ला पोलादात साधारण १४, बिडात ९, ॲल्युमिनियममध्ये ७ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंचच वापरा, एल-कीला पाइप लावून नाही. कमी-जास्त आवळलेल्या बोल्टांमुळे रेलवर ६० मिलिमीटरच्या लाटा उठतात आणि त्या कामाच्या पृष्ठावर रांगेनं छापून येतात.

टेबल चढवल्यावर स्क्रू जोडण्याआधी टेबल ताणकाट्यानं ओढून बघा. माझ्याकडे सामान तोलायचा आकड्याचा काटा आहे, तोच वापरतो. सावकाश ओढत पूर्ण लांबी जायची आणि दर १०० मिलिमीटरला आकडा लिहायचा. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, सील (ब्लॉकच्या टोकाचं रबर) आणि प्रीलोडप्रमाणे तो बदलतो. तो सगळीकडे सारखा यायला हवा. आमच्या बेडवर ९०० च्या आसपास अचानक दीडपट झाला. डायलवर काही सापडेना. शेवटी दुसरी रेल सोडली, तर बैठकीवर केसाएवढा बिडाचा तुसा, बोल्टच्या भोकातून निघालेला. ॲसिटोन मारताना आट्यांत हवा मारायला विसरलो होतो. पुसलं, पुन्हा आवळलं, काटा सरळ चालला.

भोकांच्या टोप्या सगळ्यात शेवटी, मशीन जागेवर लेव्हल करून, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा ओढून झाल्यावर मारा. एकदा मारलेली टोपी काढायची म्हणजे ती फुकट जाते. वर सपाट ठोकळा ठेवून हातोडीनं हलके ठोका आणि नखानं तपासा. टोपी वर राहिली तर सीलचा ओठ फाटतो, खाली गेली तर तिथे चिप साचते. काट्याचे आकडे बेडच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा. तीन वर्षांनी टेबल जड झालं असं म्हणत कोणी फोन केला की पहिला प्रश्न विचारायचा: ९०० ला काटा किती दाखवतोय?